रुवीतले दोन मास्तर

पुण्यात आमच्या वेळी हुशार मुली जर्मन शिकत. मी फ्रेंच घेतलं, कारण जर्मनचा वर्ग सकाळी सातला भरायचा आणि फ्रेंचचा दुपारी तीनला. त्या आळसावर मी पुढे कितीतरी वर्षं पगार घेतला. लग्न होऊन मस्कतला आले तेव्हा तिथल्या एका भारतीय शाळेला फ्रेंचची बाई हवीच होती. मल्याळी, गुजराती, तमिळ मुलं माझ्यापुढे बसून क्रियापदं घोकत आणि खिडकीबाहेर कोरडे तपकिरी डोंगर उभे असत. फ्रेंचमध्ये मुलांना जेवढा रस होता तेवढाच त्या डोंगरांनाही होता. पण मला ते सगळं आवडायचं.

आमचं घर मस्कतच्या रुवी भागात, तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली शिंपी, शेजारी गावी पैसे पाठवायचं एक्स्चेंज, पलीकडे उडप्याचं हॉटेल. सकाळ-संध्याकाळ तिथे इतकी वर्दळ की आपण देश सोडून आलोय यावर विश्वास बसू नये. दुपारी मात्र एक ते चार दुकानं बंद. शटरं खाली, टॅक्सीवाले सावलीत गाडी लावून पाय बाहेर काढून झोपलेले, आणि सगळ्या इमारतींच्या एसींचा मिळून एकच घुमणारा आवाज. मी दीडच्या सुमारास शाळेतून घरी यायची. त्या वेळात रुवी जागी आहे की झोपेत कूस बदलतेय ते कळत नसे. मी सांगतेय त्यातलं जवळजवळ सगळं त्याच वेळात घडलं. त्यामुळे त्यात खरं किती आणि पेंगेतलं किती, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना जाऊन काही महिने झाले होते. सासरे सांगलीकडच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारतच नव्हतं, सगळे मास्तर म्हणत. सासूबाईसुद्धा शेजारणींशी बोलताना 'मास्तर अजून जेवायचेत' म्हणायच्या आणि ते समोर असले की नुसतं 'अहो'. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. करड्या शिस्तीचा माणूस. देवळाची पायरी चढायचे नाहीत, ज्योतिष्याला दारात उभं करायचे नाहीत. सासूबाईंचे दिवस केले तेही लोकांची तोंडं कोण धरणार म्हणून.

असा माणूस आमच्याकडे येऊन खिडकीशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. वाढलं ते जेवायचे, आणलेला पेपर उघडायचे आणि पान न उलटता मिटायचे. आमच्या घरात बोलण्याची कधी टंचाई नव्हती, माझी एकटीची जीभ त्याला पुरेशी होती. पण त्यांच्यापुढे माझीही दातखीळ बसली. नवरा म्हणायचा, "राहू दे गं, येतील हळूहळू रुळावर." त्याचं बोलायला काय जात होतं? तो सकाळी साइटवर जायचा तो संध्याकाळी उगवायचा.

मग पुस्तकांचं खोकं आलं. मस्कतच्याच कुरुम भागातलं एक फ्रेंच कुटुंब मायदेशी परत चाललं होतं. जाताना हे लोक घरातलं सामान अंगणात मांडून विकायला ठेवत. मी गेले होते लेकीसाठी टेबल बघायला, आणि आले फ्रेंच पुस्तकांचं खोकं उचलून. मी फ्रेंच शिकवते म्हटल्यावर त्या बाईंनी ते तसंच माझ्या हातात दिलं. त्यात मुलांच्या गोष्टी होत्या, स्वयंपाकाची पुस्तकं होती आणि तळाशी बांधणी सुटलेलं एक जाडजूड चरित्र होतं. आत एका गृहस्थाचं चित्र. रुंद कपाळ, गालांवर कल्ले, आणि समोरचा गृहपाठ न करता आलाय अशी नजर.

बाबांची नजर त्या चित्रावर गेली. "हा कोण?" त्यांनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी आपण होऊन काही विचारलं नव्हतं.

"शाळामास्तर होता म्हणे," मी पानं चाळत म्हटलं. "गेल्या शतकातला. व्याकरणाची, अंकगणिताची पुस्तकं लिहायचा. आणि म्हातारपणी मेलेल्या माणसांशी बोलायला लागला."

बोलून गेले आणि जीभ चावली. ज्या घरात माणूस गेलंय तिथे असं बोलतात का? पण बाबांनी खुर्ची खिडकीकडून माझ्याकडे वळवली. "वाच," ते म्हणाले.

त्या दिवसापासून जेवणं आवरली की मी वाचायला बसू लागले. फ्रेंच वाक्य डोळ्यांनी उचलायचं आणि मराठीत तोंडाने ठेवायचं. अवघड शब्द आला की मी तो हळूच गिळून पुढे जायची, आणि बाबांना ते बरोबर कळायचं. "आता काहीतरी खाल्लंस," ते म्हणायचे. मग परत मागे. त्या मास्तराचं नाव मी इथे लिहीत नाही. बाबा त्याला 'तुझा मास्तर' म्हणत, तेच माझ्या तोंडी बसलंय.

माझा मास्तर ल्योंचा. घराणं वकील-न्यायाधीशांचं. पोराला शिकायला पाठवलं स्वित्झर्लंडमध्ये, एका नावाजलेल्या शिक्षकाकडे. तिथे मुलांना मारत नसत, हातात वस्तू देऊन बघायला आणि मोजायला शिकवत. "छडी नव्हती?" बाबांनी विचारलं आणि ते बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. पुढे तो पॅरिसला आला, शाळा काढली, वयाने मोठ्या असलेल्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. शाळा बुडाली. मग दिवसा दुकानदारांची कारकुनी आणि नंतर घरी बसून पाठ्यपुस्तकं. शिवाय येतील त्या मुलांना घरीच रसायनशास्त्र शिकवायचा, तेही फुकट. मूलबाळ नाही. या भागात भुताचा भसुद्धा नव्हता, आणि बाबांना तोच भाग सगळ्यात आवडला. काही पानं त्यांनी मला परत वाचायला लावली.

"पन्नाशीपर्यंत हा आपल्यातलाच होता," ते म्हणाले.

आणि मग टेबलं फिरू लागली. पॅरिसमध्ये त्या काळी तो खेळच झाला होता. लोक संध्याकाळी जमायचे, टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल गोल फिरायचं, टकटक करायचं, आणि बायका किंचाळायच्या. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका जमतात तशा त्या जमत असाव्यात असं मला आपलं वाटायचं. माझा मास्तर आधी हसला. टेबलाला काय मेंदू असतो? पण एकदा बघायला गेला आणि हसायचा थांबला. बाकीचे बघत होते की टेबल हलतंय. याने विचारलं, हलवणारा कोण आहे, आणि त्याला काय माहीत आहे? मग त्याने प्रश्न काढले. साधे आधी, अवघड नंतर. तोच प्रश्न वेगवेगळ्या घरी, टेबलावर हात ठेवून बसणाऱ्या वेगवेगळ्या मुलींच्या हातून विचारायचा आणि उत्तरं ताडून बघायचा. स्वतः मात्र टेबलाला हात लावायचा नाही. तो फक्त विचारायचा.

"मास्तरच तो," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "मेलेल्यांची तोंडी परीक्षा घेतली पठ्ठ्याने!"

त्यांना एकच गोष्ट खटकली. या मास्तराला एका आत्म्याने सांगितलं म्हणे, की मागच्या जन्मी तुझं नाव अमुक होतं, आणि याने पुस्तकांवर तेच नाव घातलं. पुढे जगाने त्याला त्याच नावाने ओळखलं. "बापाने दिलेलं नाव टाकलं?" बाबा चित्राकडे बघून म्हणाले. "मास्तर, हे नाही पटलं हां." दोघे एकाच शाळेत नोकरीला असल्यासारखे ते त्याच्याशी बोलायचे.

मी वाचता वाचता पेंगायची. एसीची घरघर, पडद्यातून येणारा तो पिवळा उजेड, पोटात आमटीभात. एकदा डोळा लागला आणि मला दिसलं की खालच्या एक्स्चेंजपाशी नेहमीची रांग लागलीय, आणि लांब काळ्या कोटातला माझा मास्तर त्या रांगेतून चाललाय. एकेका माणसापाशी थांबून अदबीने विचारतोय, तुमचं कोण गेलं? रत्नागिरीचे, केरळचे, चितगावचे लोक सांगताहेत, आणि तो मान हलवतोय. मला कसली भीती वाटली नाही. त्या रांगेत प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतंच. इथे राहून ज्यांना जाळता-पुरता आलं नाही, तोंड बघता आलं नाही, असे सगळे. मी जागी झाले तेव्हा बाबा पुस्तक माझ्या मांडीवरून काढून घेऊन चित्राचं पान बघत बसले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला तिला एकच गोष्ट विचारायची आहे."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. तुकड्यातुकड्याने मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अर्धांगाचा झटका. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा चालायचा. शेवटचे काही दिवस त्या बाबांकडे बघून तो हात उचलायच्या आणि काहीतरी बाजूला सारावं तसा हळूहळू हलवायच्या. सगळ्यांना वाटलं, काहीतरी मागताहेत. पांघरूण काढलं, तसंही नाही. पंखा बंद केला, नाही. मग बाबांनी आणायला सुरुवात केली. चष्मा आणला. पोथी आणली, ज्या पोथीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. गावी जाऊन देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणली. पानाचा डबा आणला. प्रत्येक वेळी सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच हात. बाबा पुन्हा काहीतरी आणायला गेले असतानाच त्या गेल्या.

"सगळं आयुष्य तिने काही मागितलं नाही," बाबा म्हणाले. "एकदाच मागितलं, आणि मला कळलं नाही. गणिताचा मास्तर मी. एवढं एक उदाहरण सुटलं नाही."

मला रडू आलं. मी उठून चहाला आधण ठेवलं.

बाबांनी तसंच टेबलाशी बसून सासूबाईंना बोलवायचं ठरवलंय, हे त्यानंतर मला कळून चुकलं. आमच्या शेजारी दाभोळकडची एक बाई राहायची. तिच्या नवऱ्याचं लांब सहम गावात दुकान होतं, तो शुक्रवारपुरता घरी यायचा. आठवडाभर ती आणि मी दारं उघडी टाकून राहायचो. तिला मी सांगितलं तर तिने कानाला हात लावले. "आमच्यात ह्या चालत नाय हां भाभी. चाचांना सांग, गेलेल्या मानसांना त्रास देव नये." मग म्हणाली, "माझी अम्मी गेली तवा मी हयच होती. मी रोज पीठ मळताना बोलतंय तिच्याशी. त्याला टेबल कशाला व्हया?" मी म्हटलं, आमचे बाबा पीठ मळत नाहीत. ती खूप हसली, आणि जाताना सुरमईचे तुकडे ठेवून गेली.

गुरुवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल खौदला, एका मित्राकडे जाताना मी गाडीत नवऱ्यापुढे विषय काढला. मागे लेक कानात वॉकमन घालून बसली होती.

"प्लँचेट?" तो म्हणाला. "बाबा? अगं, त्यांनी गावात एका मांत्रिकाला पोलिसात दिला होता."

"तेच बाबा."

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "बसू दे एकदा. तू जरा ढकल. काहीतरी उत्तर आलं की विषय खलास होईल, सुटतील बिचारे."

मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. प्रश्न होता उत्तर काय द्यायचं हा. तो म्हणाला, "पाणी हवं होतं म्हण." मी भडकले. बायको मरताना पाणी मागत होती आणि ते दिलं नाही, हे ऐकून त्या माणसाला झोप लागेल? मग म्हणाला, पंखा. पंख्याचं करून झालं होतं. एखाद्याच्या आईच्या तोंडी शेवटचे शब्द घालायचे आणि त्याला पंख्यापलीकडे काही सुचू नये! शेवटी मीच ठरवलं. आशीर्वाद. त्या हात हलवून आशीर्वाद देत होत्या. यात कुणाचं काही चुकलं नाही, कुणाकडून काही राहिलं नाही. अल खौद येईपर्यंत आमचं ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नमाज सुटून मशिदीपाशी लागलेल्या गाड्या पांगल्या आणि रुवी पुन्हा झोपली, तेव्हा आम्ही बसलो. बाबांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी फळ्यावरच्या त्या सुंदर अक्षरात मुळाक्षरं गोलाकार लिहिली होती, मध्ये 'हो' आणि 'नाही'. सासूबाई चौथी शिकलेल्या, त्यांना वाचता यावं म्हणून जोडाक्षरं टाळली होती. मध्ये आमच्याकडचा कहव्याचा, अरबी कॉफीचा, छोटा बिनकानाचा कप उपडा ठेवला. कपावर बोट मी, नवरा आणि लेक यांनी ठेवायचं. बाबा समोर बसले, हात मांडीवर. "मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "विचारणारा वेगळा हवा." फ्रेंच मास्तराचं पुस्तक त्यांनी शेजारी उघडून ठेवलं होतं, चित्र आमच्याकडे करून. दोन्ही मास्तरांची नजर माझ्या बोटावर होती.

पडदे ओढले. पिवळा उजेड मातकट झाला. आम्ही कितीतरी वेळ गप्प बसलो. मला पुन्हा ती पेंग आल्यासारखं झालं, आणि त्या खोलीत आम्ही चौघं आहोत की आणखी कुणी आहे हे खरंच सांगता येईना.

"आलीस का?" बाबांनी विचारलं.

मी बोटाला जरासा नेट दिला. कप सरकत 'हो'वर गेला. लेकीने श्वास आत घेतला. बाबांचा चेहरा हलला नाही.

"आधी खात्री करायची," ते आम्हाला म्हणाले. "याच्या पुस्तकातही तसंच आहे." मग समोर बघून, हजेरी घेतात त्या आवाजात, "माझं नाव सांग."

याचा विचार मी केलाच नव्हता. नाव सोपं होतं, तीन अक्षरी, मुळाक्षरं समोर पडलेली. ढकलायचं की झालं. पण माझं बोट जागचं हलेना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पुण्यात वाढले, नोकरी करते, नवऱ्याला अरेतुरे करते, आणि सासऱ्यांचं नाव त्यांच्या तोंडावर माझ्या हातून निघेना. मी नवऱ्याकडे बघितलं. या देशात त्याच्या प्रत्येक कागदावर त्याच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं. पण तोही दगडासारखा बसला होता. नंतर म्हणाला, "आईच्या तोंडी बाबांचं नाव? छे. मला नाही जमलं."

कप हलला नाही.

"सांग," बाबा पुन्हा म्हणाले. एसी घुमत होता. कप तिथेच.

लेकीला राहवेना. "आजोबा, तुमचं नेम तर इझी आहे. आजी सांगत का नाही आहे? म्हणजे कोणी आलंच नाही ना?"

मला वाटलं, झालं. आता हा माणूस उठेल, खिडकीकडे तोंड करून बसेल आणि पुन्हा बोलणार नाही. पण बाबा हसत होते. सुरुवातीला नुसते ओठ, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी.

"आली आहे," ते म्हणाले. "अगं, हीच ती! नाव सांगितलं असतं तर मी पान फाडून टाकलं असतं. जन्मात कधी घेतलं नाही तिने. लग्नात बायकांनी उखाण्याचा हट्ट धरला तर रडायला लागली होती. जनगणनेवाला आला नि मी घरी नव्हतो, तर शेजारणीला बोलावून आणलं माझं नाव सांगायला."

"बट व्हाय?" लेक म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले. कपाकडे ते आता वेगळ्याच नजरेने बघत होते, आणि मला एकदम अपराध्यासारखं झालं नाही, उलट धीर आला. एवढा विश्वास बसलाय तर आता आशीर्वादाचं उत्तर देणं सोपं होतं. बाबा पुढे वाकले. आवाज खाली आला.

"मिरजेला तू हात हलवायचीस," ते म्हणाले. "काय सांगत होतीस?"

मी नेट दिला. कप सुटला आणि 'आ'कडे निघाला.

"थांब," बाबा म्हणाले.

मी थांबले. ते कपाकडे बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते. टेबलावर ओणवलेल्या मुलाकडे, माझ्याकडे, कोपरं टेकून बसलेल्या नातीकडे. एकेकाकडे, पुन्हा एकेकाकडे.

"ती सगळ्यांपुढे माझ्याशी कधी बोलली आहे का रे?" त्यांनी मुलाला विचारलं. "मनातलं म्हणतोय मी. कधी ऐकलंस?"

नवऱ्याने मान हलवली. "नाही. मला सांगायची, बाबांना विचार म्हणून."

"मागल्या दारी बोलायची. तुम्ही सगळे निजलात की बोलायची. माणूस आलं की गप्प." मग त्यांनी विचारलं, "मिरजेला खोलीत कोण कोण होतं?"

"सगळेच होते, बाबा. मावश्या, ताई, मी. गावाकडचे येऊन-जाऊन. नर्स."

"कुणी नाही असं कधी झालं?"

नवऱ्याने आठवून बघितलं. "नाही झालं," तो म्हणाला.

बाबांनी स्वतःचा डावा हात मांडीवरून उचलला आणि तसाच हलवून बघितला. काहीतरी बाजूला सारावं तसा. एकदा. दोनदा. मग तो हात हवेतच राहिला.

"ती मागत नव्हती रे काही," ते म्हणाले. "तुम्हाला बाहेर जा म्हणत होती. यांना बाहेर काढा, मला बोलायचंय, म्हणत होती. आणि मी काय केलं? दर वेळी मीच उठून बाहेर गेलो. चष्मा आण, पोथी आण. मीच."

सासूबाई मला डोळ्यांपुढे दिसत होत्या, भरल्या खोलीत, वाचा गेलेल्या. एक सांगायचं होतं आणि ज्याला सांगायचं तो माणूस दर वेळी धावत दाराबाहेर चाललेला. मी कपावरचं बोट उचललं. नवऱ्याने उचललं. लेकीने आमच्याकडे बघून उचललं.

"तुम्ही जरा बाहेर जा," बाबा म्हणाले.

आम्ही गॅलरीत आलो. मी मागे दार लावून घेतलं. बाहेर उन्हाने लोखंडी कठडा तापला होता, हात ठेववत नव्हता. खालचा रस्ता रिकामा होता. डोंगर धुळीत अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मम्मा," लेकीने हळूच विचारलं, "आजी खरंच आहे आत?"

मी तिला जवळ घेतलं. दारामागून बाबांचा आवाज येत होता, हलका, आम्ही कधी ऐकला नव्हता असा. शब्द कळत नव्हते आणि आम्ही ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही. थोडं बोलायचे आणि थांबायचे. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तेवढं. मग पुन्हा बोलायचे.